लेस्टरच्या रायफलवरची काच

रीफ्टन गावच्या लाकूडगिरणीत कामाला होता लेस्टर. हाताचा कसबी, बायकोला जपणारा, फक्त कुणी हसलं की ते त्याच्या डोक्यात जायचं. आणि हसायला थोरला भाऊ गॉर्डन होताच की. दोघं बिनबापाची पोरं, गॉर्डननंच त्याला बंदूक धरायला शिकवलेलं. दरवर्षी रानात नर हरणं डुरकायला लागली की दोघं जोडीनं डोंगरात जायचे. लेस्टर वर्षभर त्या चार दिवसांवरच जगायचा म्हण ना.

एका वर्षी त्याचा नेम चुकला, मोठा नर निसटला. गॉर्डन सगळ्यांदेखत म्हणाला, "हरणाला म्हणावं जरा जवळ ये बाबा, आमच्या लेस्टरला दिसत नाही."

झालं. लेस्टर गेला अॅल्फच्या बंदुकांच्या दुकानात, रायफलवर बसवायला नवा स्कोप, म्हणजे नेम धरायची भिंगाची नळी, घ्यायला.

अॅल्फ म्हातारा खवट, पण खोटं विकायचा नाही. "जाणार कुठं? झाडीतच ना? हरीण दिसेल तेव्हा ते त्या समोरच्या दुकानाएवढं लांब असणार. हा साधा घे, तिपटीनं मोठं दाखवतो. उरल्या पैशात गळ्यात अडकवायची दुर्बीण घे."

"आणि तो वरच्या फळीवरचा?"

"तो माळरानावरच्या लोकांचा. झाडीत त्यातून तुला हरणाचे केस दिसतील, हरीण नाही."

"दुर्बिणी म्हाताऱ्यांनी घालाव्या गळ्यात. मला वरचाच काढ."

सगळी शिल्लक त्यातच गेली.

डोंगरात दोघं भाऊ नदीच्या दोन काठांनी वर निघाले. पलीकडच्या उतारावर झुडूप हललं. दुर्बीण असती तर ती डोळ्याला लावली असती. नव्हती. लेस्टरनं रायफलच खांद्याला लावली आणि स्कोपातून बघितलं.

गॉर्डनचा चेहरा. इतका जवळ, की दाढीची खुंटं दिसत होती. आणि तो सरळ लेस्टरकडंच बघत होता. उन्हात काच चमकलेली त्यानं पाहिली होती.

गॉर्डन नदी ओलांडून आला, कमरेपर्यंत भिजलेला. आवाजसुद्धा चढवला नाही.

"गोळी भरलेली होती?"

"नाही रे. नुसतं बघत होतो."

गॉर्डननं रायफल काढून घेतली, बोल्ट मागं ओढला. काडतूस उडालं आणि दगडावर टणकन पडलं.

"बंदुकीनं बघत नाहीत. तू एवढासा होतास तेव्हा शिकवलंय मी हे." मग थांबून म्हणाला, "तेही गिळलं असतं, लेका. पण तू आत्ता तोंडावर खोटं बोललास."

पुढं लेस्टरनं तो स्कोप मिळेल त्या भावात फुंकला, दुर्बीण घेतली आणि भावाच्या घरी गेला. गॉर्डननं चहा दिला, बिस्किटं दिली, पोरांची चौकशी केली. डोंगराचं नाव नाही. शेवटी लेस्टरनंच विचारलं, "यंदा कधी निघायचं?"

"माझं ठरलंय दुसऱ्याबरोबर."

लेस्टर एकटा गेला एकदा. दुपारीच परत आला.

त्या गावात एक रीत आहे. ज्यांच्या घरी शिकारीला जाणारं कुणी उरलं नाही, म्हातारे, नवरा गेलेल्या बाया, त्यांच्या फाटकाला कुणीतरी हरणाची तंगडी पोत्यात घालून अडकवतं आणि हाक न मारता निघून जातं. त्या हंगामात लेस्टरनं सकाळी दार उघडलं तर फाटकाला पोतं. गाठ गॉर्डनच्या हातची.

"आत घे ना," बायको म्हणाली, "माश्या बसतील."

त्यानं घेतलं. दरवर्षी घेतो.