काना राहिलेली भाजी

बुवापाड्यातल्या आमच्या घरात दोन आठवडे सकाळ, दुपार, रात्र भजी तळली गेली, अशी एका अभ्यासात नोंद झाली होती. नोंद माझ्याच हातची.

झालं असं. कॉलेजातून एक ताई आल्या. लोकांनी भाज्या-फळं जास्त खावीत म्हणून काय केलं तर उपयोग होतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. गल्लीतल्या घरांना त्यांनी वह्या दिल्या. वहीवर फक्त घर नंबर. रोज काय खाल्लं ते लिहायचं आणि ज्या घरातलं खाणं सुधारेल, तिथल्या बाईचं नाव अंगणवाडीतल्या सभेत माईकवर वाचणार.

मला चारचौघांत पाणी मागायचीही लाज वाटते. पण माझं नाव चांगल्या कामासाठी वाचलं जावं आणि ते सासूबाईंनी ऐकावं, असं फार वाटलं. (त्यांनी माझं कौतुक एकदाच केलंय, तेही लांबून शेजारची सून समजून.)

अडचण होती ती ह्यांची. हे उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात जीन्स शिवतात आणि पाला दिसला की ताट सरकवतात. मग मी थालीपिठात दुधी किसला. बारवी धरणाकडून येणाऱ्या बाईकडून टाकळ्याचा रानपाला घेऊन डाळीत लपवला.

"डाळ हिरवी का?"

"मुगाची आहे, सालीसकट."

"साल एवढी लांब असते?"

"जेवा ना."

जेवले. आठव्या दिवशी तर स्वतःहून म्हणाले, "ती लांब सालीची डाळ आहे का आज?"

हे सगळं मी वहीत लिहिलं. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे सगळं लक्ष अक्षर सुबक काढण्यात. सकाळी भजी. दुपारी भजी, दोन वाट्या. रात्री भजी, ह्यांनी परत मागून घेतली.

सभेत ताई म्हणाल्या, "बहुतेक घरांत सुधारणा आहे. एका घरात मात्र दिवसातून तीनदा भजी खातात."

बायका हसल्या. सगळ्यात जास्त मी हसले.

"नाव नाही घेत मी," ताई म्हणाल्या.

"नाव नको, नंबर तरी सांगा," सासूबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "जरा लाज वाटू दे त्यांना."

"आठ."

सासूबाई सावकाश मागे वळल्या. "तीन-तीन वेळा तळलीस, कमल? आणि मला एक भजं नाही?"

आता बोललं नाही तर नाव गेलंच. मी उभी राहिले. घाईत दोन्ही शब्द तोंडातून एकसारखेच निघाले. "ताई, ती भजी नाही. भजी आहे."

"तेच लिहिलंय, काकू."

"नाही हो. दुधी! टाकळा! पालक!"

"पालकाची भजी?"

"आणि दुधीची पण?" मागून कुणीतरी विचारलं. "कशी करतेस गं?"

शेवटी सासूबाईंनीच माझी वही मागून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, "अहो बाई, तेल आम्हाला महिन्याला दोन लिटर लागतं. त्यात एवढी भजी होतात का? भाजी आहे ती. पोरीचा काना राहिलाय."

सभा एवढी हसली की अंगणवाडीतली झोपलेली पोरं उठली. ताईंनी पेन दिलं. "द्या काने, काकू. आणि खाली नाव लिहा, म्हणजे यादीत घेते."

सगळे बघत असताना मी एकापाठोपाठ एक बेचाळीस भज्यांची भाजी केली. मग त्याच वेगात खाली नाव लिहिलं आणि वही परत दिली.

ताईंनी माईक हातात घेतला. "घर नंबर आठ. कमाल."

टाळ्या पडल्या.

"कमाल कसली, कमल आहे ती," सासूबाई पुटपुटल्या, पण टाळ्यांत माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. चूक सांगायला मी उठणारच होते. पण लाजाळू बाई, चारचौघांत कसं बोलणार!