काटा घासलेला गळ

ती केस आठवली की आजही मला हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता तारीख-वार विसरलो आहे. पण एका म्हाताऱ्याच्या डब्यातल्या अकरा गळांचा पंचनामा मला ओळीन्ओळ पाठ आहे.

मी घाटावरचा माणूस. मोहाडी तालुक्यात ठाणेदार म्हणून आलो तेव्हा इथली झाडीपट्टीची बोली कळायला मला सहा महिने लागले. तोवर कोणी काही बोललं की मी जमादाराच्या तोंडाकडे बघायचो. जमादार म्हणजे हवालदार. इकडे अजून जमादारच म्हणतात. हा जमादार जातीने ढिवर, म्हणजे पिढ्यान्पिढ्या तलावात आणि वैनगंगेत मासे धरणाऱ्या घरातला. कायम पान तोंडात, आणि डोकं माझ्यापेक्षा दुप्पट. ही केस खरं तर त्याने सोडवली. कागदावर सही माझी होती म्हणून नाव माझं झालं. खात्यात असंच चालतं.

धान कापून झालं होतं, उन्हं तापायला लागली होती. सकाळी हजेरी घेत होतो तेवढ्यात करडी गावाच्या पलीकडच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, लवकर या. गावात एक बुढा करणी करून राहिला म्हणते लोक. त्याले घरातून ओढून आणतीन आता."

पाटलाने जे सांगितलं ते असं. म्हातारा सत्तरीच्या आसपासचा, ढिवर. दोन महिने झाले, ज्याला त्याला काळ्या कोंबड्याच्या मानेची पिसं मागत होता. कोंबडा नको, रस्सा नको, फक्त पिसं! ती लाल धाग्याने गळाला बांधायची आणि बांधताना तोंडाने काहीतरी पुटपुटायचं. दुपारी रिकाम्या बांधीत, म्हणजे धान कापलेल्या कोरड्या शेतात, उभं राहून काठीला दोरी लावून ती हवेत फिरवायची. पाण्याचा थेंब नाही, माशाचा पत्ता नाही. त्यात शेजाऱ्याची म्हैस मेली. दुसऱ्या घरच्या सुनेचा ताप उतरेना. आणि आदल्या दिवशी कुंपणावर वाळत घातलेल्या कोणाच्या तरी लुगड्याच्या पदरात पिसाचा एक गळ अडकलेला सापडला. मग काय, आगीत तेल!

जीप काढली. पोहोचलो तर दारात चाळीस-पन्नास माणसं. उंबऱ्यात म्हाताऱ्याची बायको आडवे हात करून उभी होती. चार फुटांची बाई, पण आवाज असा की आमचा शिपाईही दोन पावलं मागे सरला.

"हात लावून तं पाहा माझ्या बुढ्याले!"

जमावाला मी कायदा ऐकवला. कोणाला करणीवाला म्हणून बदनाम करणं हाच गुन्हा आहे, हे खड्या आवाजात सांगितलं. लोकांनी ऐकल्यासारखं केलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग ठरवलं की म्हाताऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात न्यावं, त्याच्याच जिवासाठी. घराची झडती घेतली आणि दोन पंचांसमोर पंचनामा केला.

लोखंडी डबा एक. त्यात पिसं बांधलेले गळ नग अकरा. लाल व काळ्या धाग्याचं रीळ प्रत्येकी एक. कपड्यांचा चिमटा एक. लहान कानस एक. काळ्या कोंबड्याची पिसं मूठभर. मोराची गळून पडलेली पिसं दोन. वहीचं पान एक, त्यावर बॉलपेनने मजकूर. मजकूर मी मोठ्याने वाचला: "फोटो दोन. मोजे लोकरीचे. ऊन आल्यावर सुरू करणे. बोलू नये. सावली पडू देऊ नये."

"सावली पडू देऊ नये" म्हटल्याबरोबर एक पंच उठून अंगणात जाऊन उभा राहिला. त्याची सही मी अंगणातच घेतली.

ठाण्यात म्हाताऱ्याला समोर बसवलं. पाणी दिलं. विचारलं, "बाबाजी, हे काय आहे?"

"गळ."

"कशासाठी?"

"मासोळीसाठी."

"मग कोरड्या बांधीत काय करता?"

गप्प.

"मोजे कशाला?"

"हरिद्वारले जाऊन राहिलो. बुढीले घेऊन."

"हरिद्वारला गळ कशाला?"

त्याने मान खाली घातली. मी आवाज चढवला. हे आज लिहिताना लाज वाटते, पण चढवला. तेव्हा तो म्हणाला, "करणीवाला म्हणाचं आहे तं म्हणा साहेब. लिहून घ्या."

मी पेन खाली ठेवलं. माझा अनुभव सांगतो: खोटं बोलणारा माणूस खूप बोलतो. विचारलं एक तर सांगतो चार. जो असा तोंड शिवून बसतो, आळ स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, तो बहुतेक वेळा स्वतःला वाचवत नसतो, दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत असतो. पण इथे दुसरं कोण? घरात दोनच जीव.

दुपारी जमादार डबा खाऊन आला. मुद्देमालातला एक गळ त्याने उचलला आणि अंगठ्यावर घासून पाहिला. पान थुंकून आला, पुन्हा घासून पाहिला.

"साहेब, याले दात नाही."

"म्हणजे?"

"गळाच्या टोकाले आतून उलटा दात राहते. त्याच्यानंच तं मासा अडकते. यानं दात कानशीनं घासून टाकला. अकराच्या अकरा. मासा आला का सुटला." मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "ढिवराच्या पोटचा माणूस असा गळ कवाच करणार नाही. हा माणूस मासा धरून सोडाची तयारी करून राहिला."

"आणि असा धरून सोडतं कोण?"

"आपल्याकडं कोणी नाही. पहाडातल्या नदीत सोडते म्हणते, सायबलोक." तो थांबला. कपाळावर हात मारला. "अरे बापा! याची पोरगी!"

हरवलेल्या व्यक्तींचं जुनं रजिस्टर काढलं. सात वर्षांपूर्वीची नोंद. मुलगी वय बावीस. वैनगंगेवरच्या पुलाच्या कामावर आलेल्या हिमाचलच्या मुलाबरोबर गेली. जबाब झाला. शेवटी शेरा: "मुलगी सज्ञान. स्वखुशीने विवाह केला. तक्रार निकाली." खाली बापाची वेडीवाकडी सही. अक्षर माझ्या आधीच्या अधिकाऱ्याचं, पण वाक्य माझंच. हेच वाक्य मी वेगवेगळ्या ठाण्यांत किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. लिहायचं, रजिस्टर मिटायचं, चहा मागवायचा.

तेव्हाही चहाच मागवला. एक कप त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, "बाबाजी, पोरगी हिमाचलातच असते ना अजून?"

कप हातात तसाच राहिला. आणि म्हातारा रडायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. जमादाराने दार लोटून घेतलं.

"आंघोळ केली होती जी मी तिच्या नावानं," तो म्हणाला. "साऱ्या समाजापुढं, विहिरीवर बसून. पोरगी मेली म्हणून सांगतलं."

नावाने आंघोळ करणं आपण नुसतं बोलण्यात वापरतो. याने खरोखर डोक्यावर बादली ओतून घेतली होती.

"दिवाळीत जावयाचा फोन आला. मी ठेवून देला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. म्हणे, बाबूजी, कुछ मत बोलिए, सिर्फ सुनिए. अन् त्यानं फोन नदीवर धरला. पाण्याचा आवाज आला साहेब. गोट्यावरून जाते तसा. ढिवर माणूस मी. पाण्याचा आवाज येऊन राहिला, फोन कसा ठेवू?"

मग तो रोज दुपारी फोनची वाट पाहू लागला. जावई पाहुण्यांना मासे धरायला नेतो, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. नदी पहाडातली, बर्फाचं पाणी. ट्राउट नावाची मासोळी. तिथे जाळ्याला मनाई. पिसाचा गळ माशीसारखा पाण्यावर अलगद टाकायचा, मासोळी माशी समजून झेपावते. उलटा दात चालत नाही, धरायची आणि सोडून द्यायची. परवान्याला दोघांचे दोन फोटो लागतात. काठावर बोलू नये, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, मासोळी बुजते. ऊन चढल्यावर माशा उडतात, म्हणून सुरुवात तेव्हा. तोंडाने पुटपुटणं म्हणजे धाग्याचे वेढे मोजणं, आणि लुगड्यातला गळ म्हणजे सराव करताना दोरीवरून उडालेला. सगळा मंत्र-तंत्र एवढाच!

"आणि मुलीशी बोललात?"

"नाही. एक डाव फोनच्या मांगून आवाज आला. बाबाले म्हणा, लोकरीचे मोजे आणजो, पाय गारठतीन. बस, तेवढंच."

जमादार खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याला बाहेर काय दिसत होतं कोणास ठाऊक, खिडकीपुढे तर भिंत होती.

मी विचारलं, "अहो, मग हे सगळं जावई तिथं शिकवेल की. इथं कोरड्या शेतात कशाला आटापिटा?"

म्हातारा पहिल्यांदाच ताठ बसला. "मी ढिवर आहो साहेब! जावयापासून मासोळी धराले शिकू? पोरगी काठावर उभी राहीन न पाहत!"

मला हसू आवरेना. मग तोही डोळे पुसत हसला.

"आणि आजीला का नाही सांगितलं?"

"ऐनवेळी माझी हिंमत झाली नाही तं? तिले एकदा आशा लावून तोडली म्हंजे तिचा जीवच जाईन."

आता खरा पेच होता. म्हाताऱ्याविरुद्ध काहीच नव्हतं. स्टेशन डायरीत "आक्षेपार्ह काही नाही" असं लिहून मी मोकळा झालो असतो. पण गावाचं काय? बंदोबस्त दोन दिवस राहतो, तिसऱ्या दिवशी उठतो. चौथ्या दिवशी आणखी एखादी म्हैस मरते. मी धमकावणाऱ्यांवर गुन्हे नोंदवू शकत होतो, पण मनातला संशय काढायला कलम नाही. तो एकाच गोष्टीने गेला असता, खरं सांगून. आणि खरं सांगायचं म्हणजे ज्या समाजापुढे पोरीला मेली म्हटलं, त्याच्याचपुढे तिचं नाव घ्यायचं. मी म्हणालो, "बाबाजी, मी जबरदस्ती करणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

त्याने टेबलावरचा गळांचा डबा उचलून काखेत घेतला. मग म्हणाला, "तलावावर चला."

चारच्या सुमाराला गावाच्या तलावाच्या पाळीवर सगळं गाव गोळा झालं. पोलीस आणि करणी, दोन्ही एका ठिकाणी म्हटल्यावर घरी कोण बसतं? म्हातारा पाण्याच्या कडेला गेला. हातातली काठी मागे नेली, पुढे आणली. दोरी हवेत लांब पसरली आणि पिसाचा गळ पाण्यावर बसला. काही झालं नाही. पुन्हा टाकला. काही नाही. कोणीतरी खिदळलं. मलाच घाम फुटला. सातव्या-आठव्या खेपेला पाणी हललं आणि बोटभर मासोळी वर आली. माणसांत कुजबुज झाली. म्हाताऱ्याने ती ओल्या हातात धरली, गळ नुसता सरकून निघाला आणि त्याने तिला परत पाण्यात सोडलं.

"अरे, सोडली काहून?" एका ढिवराच्याच तोंडून निघालं.

म्हातारा वळला. "जिथं जाऊन राहिलो तिथं सोडा लागते," तो म्हणाला. "पोरीकडं जाऊन राहिलो मी. माझ्या पोरीकडं."

मग समाजातला एक मोठा माणूस पुढे आला. "अन् तिच्या नावानं आंघोळ केली होती, त्याचं का?"

"केली होती न," म्हातारा म्हणाला. "सात वर्षं झाली. वाळलो मी आता."

त्या मोठ्या माणसाने खाली पाहिलं. त्याची स्वतःची बहीण अशीच निघून गेलेली, कुठे तरी गुजरातेत आहे, हे मला पाटलाने नंतर सांगितलं.

आणि म्हातारी? ती गर्दी चिरत आली. मला वाटलं, आता मोठ्याने रडेल. ती नवऱ्यापुढे उभी राहिली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हरिद्वार म्हणे! खोटारडा मेला!" म्हणाली. मग एकदम आवाज फुटला तिचा. "पोरीसाठी लाखोरीची डाळ घेतली का? तिकडं भेटते का लाखोरी? काय घेतलं सांग न! नुसती पिसं?"

गावातल्या तीन घरांतून संध्याकाळपर्यंत लाखोरीची डाळ आली. एक पायली त्या घरची, ज्यांची म्हैस मेली होती. तापातल्या सुनेला जमादाराने जीपमधून तुमसरला दवाखान्यात पोहोचवलं. मलेरिया निघाला, बरी झाली. ते दोघं पुढच्या आठवड्यात गेले आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत आले. किती मासे धरले ते मी विचारलं नाही. म्हातारी सांगत होती, पोरगी वाळली आहे, पण आवाज तोच आहे.

या केसमध्ये गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता, बक्षीस नव्हतं. मला मात्र या केसने एक सवय लावली. त्यानंतर सज्ञान मुलीची बेपत्ता तक्रार निकाली काढताना मी जबाब संपल्यावर तिला एकच जादा प्रश्न विचारायचो: "बापाला तुझा नंबर देऊ का?" जिथे तिच्या जिवाला धोका वाटला तिथे विचारलंच नाही. ज्या मुली हो म्हणाल्या, त्यांचा नंबर चिठ्ठीवर लिहून मी बापाच्या खिशात घालायचो आणि दरडावून सांगायचो, "नको असेल तर फेकून द्या. पण ठाण्याच्या आवारात कचरा करायचा नाही."

बाप रागाने लाल झालेले असायचे. कोणी शिव्या देत जायचा, कोणी माझ्याकडे न बघता. फाटकाबाहेर रस्ता मोकळा होता, नाली होती, उकिरडाही होता. मी ठाण्याच्या दारातून बघत उभा राहायचो. चालता चालता त्यांचा हात खिशाकडे जायचा. निवृत्त होईपर्यंत एकालाही तो रिकामा करताना मी पाहिलं नाही.