काकींचं मशीन आणि गोधडीचं पोट

"मना काय कललाच नाय, भाऊ," असं म्हणून काकी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या की त्याचाच गोंधळ उडावा. वीजबिल असो, मोबाइलमधला मेसेज असो की सोसायटीची नोटीस, उत्तर हेच. त्यांना खरंच कळलेलं नसायचं, की सगळं कळून झालेलं असायचं, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. तुमच्याही मजल्यावर असं एखादं माणूस असेल. असलं तर तुम्ही मला हसणार नाही.

उलव्यात त्यांचं दार माझ्या दारासमोर. ते कायम उघडं आणि माझं कायम बंद, कारण मी एकटा राहतो आणि दिवसभर द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरचे कागद तपासतो. कंटेनरमधून मशिनं येतात, तेव्हा या माणसाला मशिनं कळत असणार, असं काकींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला मिक्सरचं भांडंसुद्धा धड बसवता येत नाही.

काकी मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या गावच्या. ते गाव विमानतळात गेलं. गॅलरीत उभ्या राहून त्या मला दाखवायच्या, "तो दिवा हाय ना, तिकरं आमची विहीर होती." दर वेळी बोट निराळ्या दिव्याकडे असायचं. गाव उठलं तशा त्यांच्या आळीतल्या बायका पांगल्या. कोणी सीवूड्सला लेकाकडे, कोणी उरणच्या बाजूला, कोणी याच उलव्यात पण दुसऱ्या टोकाला. फोन व्हायचे. भेटी मात्र लग्नात किंवा मयताला.

एके दिवशी त्यांच्या हॉलमध्ये भलीमोठी खोकी आली. त्यांच्या मुलाला सोफा घ्यायचा होता. सोफ्याच्या जागी काकींनी गोधड्या शिवायचं मशीन मागवलं होतं. साध्या शिलाई मशीनपेक्षा याचा हात चांगला लांब, म्हणजे गोधडीची जाड गुंडाळी त्याखाली मावते. सोबत पलंगाएवढी लोखंडी चौकट. मुलगा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि मी खोक्यावरच्या चित्राकडे.

"काकी, हे कशाला?" मी विचारलं.

"गावात गोधरी एकटीनं कोनी शिवली नाय. दोघी या अंगाला, दोघी त्या अंगाला. आता बायका कुठनं आनू? मोबाइलमदी बघितला, या मशीनवर एकटी बाई शिवते. मंग घेतली."

हे बोलताना त्या मशीनकडे न बघता गॅलरीकडे बघत होत्या. मला वाईट वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी माझ्या हातात माहितीपुस्तिका ठेवली आणि सगळं वाईट वाटणं संपलं.

चौकट कशी जोडली ते विचारू नका. जोडून झाल्यावर मूठभर स्क्रू उरले. ते त्यांनी मिठाच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवले, आणि चौकट उभी राहिली ती राहिलीच. खरा गोंधळ पुढे होता. या मशीनमध्ये कापड हलत नाही. ते चौकटीवर ताणलेलं असतं आणि दोन मुठी धरून मशीनच त्याच्यावरून फिरवायचं. काकी आयुष्यभर कापड पुढे सरकवत आलेल्या. त्या मुठी धरून कापडच ओढू लागल्या. मी पुस्तिका वाचत होतो, त्यांचा मुलगा "आई, स्कूटरसारखं धर" म्हणत होता, आणि काकी म्हणाल्या, "मी जल्मात स्कूटर चालवली नाय." खालच्या बाजूला दोऱ्याचा एवढा गुंता झाला की तो सोडवायला कात्रीच घ्यावी लागली.

तरी बाई हटली नाही. मोबाइलमधल्या परदेशी बाईचं बोलणं बंद करून त्या नुसते तिचे हात बघायच्या. हळूहळू टाका सरळ पडायला लागला. पहिली गोधडी निम्म्यावर आली आणि एका सकाळी खाडकन आवाज झाला. मी धावलो. सुई मोडली होती आणि मशीन अडकून बसलं होतं.

वाशीहून मेकॅनिक आला. त्याने खालची बाजू उघडली, बोटाने काहीतरी पांढरट भुगा काढला, हुंगला आणि गोंधळून मला विचारलं, "साहेब, यात काय भरलंय?"

"भाकरी," काकी शांतपणे म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी छताकडे.

मग काकींनी त्याला आणि मला एकदमच सांगितलं. गोधडीचं तोंड बंद करायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवायचा. "गोधरी उपाशी नाय ठेवाची. उपाशी गोधरी ऊब कशी देल?" हाताने शिवताना हा तुकडा अगदी शेवटी, कोपऱ्यातून जातो. मशीनवर सगळे थर आधीच ताणून लावायचे असतात, म्हणून काकींनी तो पहिल्याच दिवशी मधोमध ठेवून दिला होता. तांदळाची भाकरी चार दिवसांत लाकूड झाली आणि सुई नेमकी तिच्यावर बसली.

मेकॅनिकने जाताना सांगितलं, "मावशी, मशीनमध्ये खाणं नको." काकी म्हणाल्या, "मना काय कललाच नाय." पण कळलं होतं. कारण नंतर त्यांनी एक कोपरा मशीनने न शिवता उघडा ठेवला. तिथून भाकरी आत सरकवायची आणि तो हातानेच शिवायचा. आणि हातशिलाई एकटीने करायची नाही हे तर ठरलेलंच.

त्यांनी सीवूड्सच्या मैत्रिणीला फोन केला. "मशीन बघाला ये, आन कोपरा शिवू." ती आली. येताना उरणच्या बाजूच्या दोघींना घेऊन आली, कारण मशीन त्यांनाही बघायचं होतं. तो मंगळवार होता. मग दुसरा मंगळवार, तिसरा मंगळवार. भाकऱ्यांचा वास माझ्या बंद दाराखालून आत यायचा. प्रत्येक गोधडीत हाताने शिवायचा कोपरा जरा मोठा होत गेला. पुढे एक बाजूच उघडी राहू लागली, मग अर्धी गोधडी. वर्ष सरलं तेव्हा मशीन एका टोकाला जुन्या साडीखाली झाकलेलं होतं आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना बायका बसून हाताने टाके घालत होत्या.

मला राहवलं नाही. "काकी, मशीन एकटीनं शिवायला घेतलंत ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मना काय कललाच नाय, भाऊ." आणि सगळ्या बायका खाली मान घालून हसल्या.

त्या हिवाळ्यात काकी गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. चौकटीवर गोधडी तशीच राहिली. दिवसकार्य झालं, आणि नंतर त्यांचा मुलगा अवघडून माझ्या दारात उभा राहिला. सोफा येणार होता. मशीन विकायला त्याचं मन होत नव्हतं, ठेवायला जागा नव्हती. "थोडे दिवस तुमच्याकडे ठेवलं तर?" मी हो का म्हणालो, मला सांगता येणार नाही. माझं जेवणाचं टेबल गॅलरीत गेलं आणि मी चौकटीला वळसा घालून चहा करायला जाऊ लागलो. येताजाता त्या अर्धवट गोधडीला हात लागायचा.

एका मंगळवारी बेल वाजली. दारात चौघी उभ्या, हातात डबे आणि सुया.

"मशीन इकरं आलीय ना?" सीवूड्सच्या बाई म्हणाल्या आणि आत आल्या. मला कोणी काही विचारलं नाही. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा ओट्याजवळ उभा राहिलो.

चौघी चौकटीच्या दोन्ही अंगांना बसल्या. एकीने डोळे पुसले, मग सुईत दोरा ओवला. दुपार कलेपर्यंत गोधडी भरत आली. फक्त वीतभर कोपरा राहिला आणि चौघींनी सुया खोचून ठेवल्या.

"एवढंच राहिलंय, करून टाका ना," मी म्हणालो.

सीवूड्सच्या बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "भरून टाकली त परत कशाला यव आमी?" चपला घालता घालता त्यांनी वळून सांगितलं, "आन पुढच्या मंगलवारी भाकरी तुमच्या घरची पायजे. गोधरी तुमच्या घरात हाय."

काल मी दुकानातून तांदळाचं पीठ आणलं. आज मंगळवार. पीठ परातीत काढून ठेवलंय, तवाही तापतोय. पाणी उकळतं घालायचं की गार, ते मला ठाऊक नाही. विचारायला म्हणून मी दार उघडलं. समोरचं दार बंद होतं.