सिस्टरबाईंची मोटार

सिस्टरबाई कुठल्याही गावात शिरल्या की अडलेली बाई कुठल्या घरात आहे हे नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "इथं उतार कुठाय?" मोटार उतारावर तोंड खाली करून उभी करायची आणि मग पिशवी घेऊन चालत जायचं, भले ते घर गावाच्या दुसऱ्या टोकाला असो. सपाटीवर बंद केलेली मोटार पुन्हा सुरू होईलच असं नव्हतं. ज्या गावाला उतारच नाही तिथं त्या इंजिन चालू ठेवायच्या. आत बाई कळा देतेय, बाहेर मोटार घरघरतेय, पोरं तिच्याभोवती नाचतायत, आणि सिस्टरबाई मधूनच ओरडतायत, "सारा, बघ गं, बंद पडली का?"

ती सारा म्हणजे मी. शिरूरला मिशनच्या दवाखान्यात मी आया होते. चौथीपर्यंत शाळा झालेली, नवरा नसलेली. फरशी पुसणं, पाणी तापवणं आणि मोटार ढकलणं ही माझी कामं. तिसरं काम नेमणूक करताना कुणी सांगितलं नव्हतं.

मोटार मूळची डॉक्टर मडमची. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मडम त्यांच्या देशाला परत गेल्या. जाताना दवाखाना आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांच्या हाती दिला आणि मोटार सिस्टरबाईंच्या. चालवायला मडमनीच शिकवलं होतं. लुगडं नेसलेली बाई मोटार हाकतेय हे बघायला बाजारच्या दिवशी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहायची. मला लाज वाटायची. बाई म्हणायच्या, "बघू दे. पुढं ढकलायला हीच लागणारेत."

बाई दिसायला काही सुरेख नव्हत्या. उंच, हाडकुळ्या, आवाज फाटका. गोड बोलणं त्यांना जमत नसे. कळा देणारी पोर विचारायची, "बाई, मी जगते का?" दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जगशील गं बाळा. बाई म्हणायच्या, "मला काय माहीत? आता जोर लाव, मग बघू." बायका त्यांना घाबरायच्या आणि तरी त्यांनाच बोलवायच्या. खोटं सांगणारी माणसं घरात भरपूर असतात.

मोटारीच्या बाबतीत मात्र त्या आंधळ्या होत्या. ती आज पाण्यासाठी थांबायची, उद्या तेलासाठी, परवा कशासाठीच नाही, उगाच. दौंडला रेल्वेतून सुटलेले एक उस्मान मिस्त्री होते, ते तिला दुरुस्त करायचे. मिस्त्रींची बोली अर्धी हिंदी, अर्धी आपली. ते खाली शिरायचे, बाहेर आले की हात पुसत म्हणायचे, "बाई, इंजिन मैं चला दूँगा. पण मागचा एक्सल दोनदा जोडलाय. ह्या गाडीचा एक्सल आता मिळत न्हाई. जोडाला किती दिवस जोड लावू?" बाई म्हणायच्या, "नाडी लागतेय ना? मग चादर ओढायची नाही." मिस्त्री माझ्याकडं बघायचे. मी आकाशाकडं बघायची.

त्यांच्या हट्टाला कारण होतं, ते सांगते. मडम येण्याआधी सगळं बैलगाडीवर होतं. नव्या नर्स असताना बाईंनी बैलगाडीत आडव्या पडलेल्या बायका वाटेतच गेलेल्या पाहिल्या होत्या. "बैलाला कळत नाही आत काय आहे," त्या म्हणायच्या. "मोटारीलाही कळत नाही, पण ती पळते तरी." पळते तेव्हा पळते, हे मी मनात म्हणायची.

मग पंचांनी विषय काढला. पंचांचे थोरले म्हणजे आबा, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. प्रार्थना लांबवायचे, पण हिशेबी माणूस. ते म्हणाले, "सिस्टर, दरसाल मंडळी गोळा करते आन् दरसाल ते त्या मोटारीच्या पोटात जातं. मोटार इकू. चांगला टांगा घेऊ, घोडा घेऊ. टांगा सावकाश जाईल, पण जाईल." बाई म्हणाल्या, "घोडा लंगडला तर?" आबा म्हणाले, "दुसरा घोडा मागून आनता येतो. तुमची मोटार लंगडली तर दुसरी कुठनं मागायची?" मोटार कापणीच्या सणाला लिलावात काढायची असं ठरलं.

कापणीच्या सणाची आमची रीत बाहेरच्याला ठाऊक नसते. उपासनेला येताना ज्याला जे जमेल ते तो आणतो. जोंधळ्याची कणसं, भोपळा, कोंबडी, कुणी चार अंडी. नंतर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात त्याचा लिलाव होतो. ज्याची बोली वर जाते तो पैसे देतो आणि वस्तू घरी नेत नाही. पुन्हा टेबलावर ठेवतो, देवाला परत देतो. मग ती पुन्हा बोलीला निघते. एकच भोपळा चार घरांचा होऊन शेवटी पाचव्याच्या चुलीवर जातो. कुणी परत दिलं की आबा मोठ्यानं तसं सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे आणि पेटीवाला गीताचं एक कडवं उचलायचा.

मोटारीला गिऱ्हाईक आलं भीमाकाठच्या एका गावातून. मोठे बागायतदार, मराठा, सगळे त्यांना आप्पा म्हणत. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं तिथं नांदतायत. आप्पांना मोटार नको होती, तिचं इंजिन हवं होतं. नदीवर बसवून मळ्याला पाणी उपसायचं होतं. न्यायला दोन बैलजोड्या आणि साखळ्या घेऊन ते आले होते. बैल बाहेर लिंबाखाली उभे केले आणि आप्पा बायकामाणसांच्या मागं, पागोटं सावरत, अवघडून उभे राहिले.

बोली लागली. आप्पांच्या वर जायला आमच्यात कोण होतं? आबांनी टेबलावर हात आपटला. वर्षानुवर्षं जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं, "आप्पांनी घेतली, आन् देवाला परत दिली!" टाळ्या पडल्या. पेटी वाजली. सगळी मंडळी उठून गायला लागली. आप्पांचं तोंड उघडं. "आवो पर, मी..." म्हणतायत, पण त्या गाण्यात कोण ऐकतंय! म्हाताऱ्या जाऊन त्यांच्या पाया पडल्या. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी त्यांचा हात हातात घेतला. एवढ्या चारशे डोळ्यांपुढं पाटलासारखा माणूस 'मी दिली नाही' असं कसं म्हणणार? कडवं संपेपर्यंत ते घामाघूम झाले. मग म्हणाले, "बरं. दिली तर दिली." बाहेर येऊन बैलांकडं बघत गड्याला म्हणाले, "चल रं. देवाच्या दारात आलो न् लुटलो गेलो."

दुसऱ्यांदा मोटार बोलीला काढली तर कुणाला परवडणार? मोटारही राहिली आणि पैसेही आले. पंच बसले. आबांनाही तोवर आपली चूक चूक वाटेनाशी झाली होती. ते म्हणाले, देवानंच उत्तर दिलं. परजातीचा माणूस येऊन मोटार परत देतो म्हंजी ती ठेवावी अशीच त्याची इच्छा. टांग्याचं नाव निघालं नाही. आलेला पैसा मोटारीवर घालायचं ठरलं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बाई एकट्याच हसत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सारा, देवानं नाही गं, आबांनी दिली." पण मोटार त्यांना हवी होती, आणि ती राहिली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही ती दौंडला नेली. मिस्त्रींनी इंजिन सगळं उलगडून बसवलं, एक्सलला तिसरा जोड घातला, आणि दाम घेताना तोंड वाकडं केलं.

त्यानंतर मोटार चांगली चालली. हे सांगितलं पाहिजे. बाईंनी त्या हिवाळ्यात तीन अडलेल्या बायका तिच्यातून नेल्या आणि तिन्ही जगल्या. आबा लोकांना सांगत फिरायचे, "बघा." बाईही उतार विचारायला विसरल्या.

उन्हाळा लागताना आमची फेरी आप्पांच्या गावाला होती. मुक्काम तिथंच केला होता. सकाळी गडी धावत आला, आप्पांच्या धाकट्या सुनेला रात्रीपासून कळा येतायत. तिचं नाव यमुना. पहिलटकरीण. माहेरी जायची होती, पण दिवस आधीच भरले. बाईंनी हात लावून पाहिलं आणि उठल्या. मूल आडवं होतं. "इथं होणार नाही. दौंडला मोठ्या दवाखान्यात न्यायची, पोट फाडावं लागेल." सासू रडायला लागली. आप्पा म्हणाले, "बैलं जुंपू?" बाई म्हणाल्या, "मोटार आहे ना."

यमुनेला मागच्या बाकावर निजवली, डोकं माझ्या मांडीवर. आप्पा बाहेर पायरीवर उभे, दाराला धरून. नदीत पाणी घोट्याएवढं होतं, मोटार मऊ वाळूतूनही निघाली. पलीकडच्या काठावर आप्पा म्हणालेसुद्धा, "बरं झालं बाई, तुमी लुटलं त्ये." बाई हसल्या. पुढं गाडीवाटेवर एका चाकोरीत मागून बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि मोटार एका बाजूला बसली. मागचं चाक निघून शेतात गेलं होतं.

"ढकला की!" आप्पा म्हणाले.

"चाकच नाही आप्पा. काय ढकलता?" बाई म्हणाल्या.

यमुनेनं विचारलं, "बाई, थांबलो का?" बाईंनी मागं वळून सांगितलं, "मोटार मोडली. बैलगाडी आणतो. तू पडून राहा." मी वस्तीकडं पळाले. वस्तीवर गाडी होती, बैल दूर मळ्यात मोटेला जुंपलेले. ते सोडून आणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गाडीत पेंढा घातला, यमुनेला निजवली. बाई तिचा हात धरून शेजारी चालत होत्या. आप्पा बैलांना मारत होते. मी त्यांना कधी बैलांना मारताना पाहिलं नव्हतं. दौंडच्या स्टेशनचा सिग्नल दिसायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "आप्पा, आता मारू नका." त्यांनी स्वतःचा पदर काढून तिच्या तोंडावर ओढला. मूल पोटातच राहिलं.

लोकांनी बाईंना पुष्कळ समजावलं. पाळक म्हणाले, देवाची इच्छा. आबा म्हणाले, बैलगाडीनं नेली असती तरी पोचली नसती. मिस्त्रींनी तुटलेला जोड हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. मोटार वाटेवरून ओढून आणून दवाखान्याच्या अंगणात टाकली होती, तिच्याकडं बाई बघतही नसत.

तेरावं झाल्यावर आप्पा आले. आम्हाला वाटलं, आता शिव्या देणार. ते पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मिस्त्रीला इचारा, एक्सल कुठं मिळतोय त्ये. मुंबैवरनं आना. मी देतो."

"कशाला?" बाई म्हणाल्या.

"माझी सून तिच्यात पडली व्हती. ती भंगारात गेली तर काय ऱ्हायलं? दुसऱ्या कुनाची तरी वाचू द्या."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "आप्पा, तुमी दुसऱ्यांदा देताय..."

"नाही," बाई म्हणाल्या. "मोटार घेऊन जा, आप्पा. इंजिन काढा, पाणी उपसा. ती तुमची आहे, तुम्ही घेतली होती."

"मी परत दिली व्हती, बाई."

"तुम्ही दिली नव्हती. तुम्ही 'पर मी' म्हणालात आणि आम्ही गायला लागलो. मी समोरच उभी होते. मला ऐकू आलं होतं."

आबा जमिनीकडं बघत राहिले. आप्पा उठले आणि दुसऱ्या दिवशी बैल घेऊन आले. पंचांनी टांगा घेतला.

बाई आता नाहीत. दवाखानाही बंद पडला. लोक आठवण काढतात ती मोटारीची, लुगड्यातली बाई मोटार हाकायची म्हणून. मला आठवतो तो एक दिवस. त्याच बाजूच्या गावातून एक बाई टांग्यानं न्यायची होती. तिचंही मूल आडवं. सकाळीच निघालो. घोडा एकाच चालीनं चालत राहिला, तीच नदी, तीच वाट. ऊन तापायच्या आत दौंड आलं. डॉक्टरांनी मूल काढलं, दोघंही जगली. तिच्या सासऱ्यानं दवाखान्यात दिसेल त्याच्या हातावर गूळ ठेवला. बाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या, गुळाचा खडा तसाच हातात.

मी म्हटलं, "खा की बाई. पोचलो आपण."

"यमुनाही पोचली असती," त्या म्हणाल्या.

सगळे सांगत होते तेच, नसती पोचली म्हणून, सांगायला मी तोंड उघडलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "व्हय बाई. पोचली असती."

त्यांनी मान हलवली आणि गूळ तोंडात टाकला.