टाइमला जुळणारा शब्द

यमकाच्या बाबतीत मी फार कडक आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्नाकार्यात कुणी ‘चांदीच्या ताटात’ म्हणून उखाणा सुरू केला की माझं डोकं उठतं. ताट चांदीचं, वाटी चांदीची, आणि स्वयंपाकघरात डोकावलं तर सगळं स्टील. उखाणा घ्यायचा तर आपल्या घरातला, आपल्या कामातला घ्यावा, आणि शेवटचा शब्द डब्याला झाकण बसावं तसा बसला पाहिजे. जरा सैल वाटला की मी तो परत पाठवते. बसमधल्या बायका त्यामुळे मला मास्तरीण म्हणतात, आणि मला ते आवडतं.

बस म्हणजे आमच्या कंपनीची. निघोज्याजवळ गाड्यांची वायरिंग बनवायचा कारखाना आहे, तिथे मी बरीच वर्षं कामाला आहे. परभणीकडून लग्न होऊन आकुर्डीला आले, मुलं शाळेत जायला लागली आणि मी शिफ्टला. सकाळची बस तळवड्याच्या चौकात हमखास अडकते. तिथे वेळ जावा म्हणून आमचा एक खेळ सुरू झाला. कुणीतरी एक शब्द द्यायचा, बाकीच्यांनी यमक शोधायचं आणि जमलं तर उखाणा करायचा. शब्द इंग्रजी हवा, कारण मराठीला यमक कुणीही जुळवतं. ‘गेट’ला ‘लेट’ तर पहिल्याच दिवशी सापडलं. ‘मशीन’ला एकीने ‘जमीन’ सुचवलं तेव्हा सगळी बस खूश झाली. आमच्या भागात एक आली की दुसरी जाते, त्यामुळे अर्थही जुळला होता.

माझ्या शेजारच्या सीटवर माझी मैत्रीण बसायची. वयाने लहान, मला ताई म्हणणारी, जालन्याकडची. लग्नानंतर काही वर्षांतच तिचा नवरा आजारपणात गेला आणि ती भावाकडे आकुर्डीला आली. कामात चटपटीत, बोलण्यात आमच्या सगळ्यांच्या वरचढ. यमकं ती पटापट सुचवायची, पण उखाण्यावर गाडी आली की खिडकीबाहेर बघत बसायची. आम्हीही तिला आग्रह करायचो नाही.

बसचा ड्रायव्हर निघोज्याचाच, जुन्या शेतकरी घरातला. घरी काही कमी नव्हतं, पण मुलीकडच्यांना ऑफिसातला जावई हवा असायचा, म्हणून त्याचं लग्न राहून गेलेलं. माणूस घड्याळाचा गुलाम. मी एकदा हातात चप्पल घेऊन बसमागे धावले होते, तर त्याने आरशात बघून बस पुढे काढली. ‘टाइम म्हणजे टाइम’ हे त्याचं उत्तर. मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही, त्याला ते कळलंही नसावं. आणि अशा माणसाची बस एके दिवशी आकुर्डीच्या स्टॉपवर उभीच राहिली. मैत्रीण यायची होती. हा खाली उतरून पुढची काच पुसत होता. काच आरशासारखी लख्ख होती, तरी पुसत होता. असं पुन्हा झालं, मग वरचेवर व्हायला लागलं. काच पुसायला तो उतरला की मागच्या सीटवर खसखस पिकायची.

दोघांनी लग्नाचं ठरवलं तेव्हा त्याच्या आईने लगेच होकार दिला. कुरकुर केली ती त्याच्या चुलतीने. मुलाचं पहिलं लग्न आणि मुलगी दुसरेपणाची, हे काही तिच्या मनाला येईना. घरात थोरली तीच, म्हणजे नवी सून आली की दार अडवून नाव घ्यायला लावणार तीच.

एका दुपारी कँटीनमध्ये मैत्रिणीने ताटातला भात नुसता चिवडत ठेवला. मी कारण विचारलं.

“ताई, उंबऱ्यावर माझ्या तोंडून पहिलंच नाव आलं तर?”

एरवी मी लगेच काहीतरी चेष्टा केली असती, पण त्या वेळी मला हसू आलं नाही. पहिल्या संसारात प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक डोहाळजेवणाला तिने तेच नाव घेतलेलं. जिभेला वळण पडलेलं असतं. त्यातून समोर ती चुलती. तिच्यापुढे जुनं नाव निघालं असतं तर त्या घरात मैत्रिणीला आयुष्यभर ते ऐकावं लागलं असतं. आणि नव्या माणसाला काय वाटलं असतं, ते वेगळंच. मी म्हटलं, घाबरायचं नाही, असा घट्ट उखाणा करू की दुसरं नाव आत शिरायला फटच राहणार नाही. मग तो पाठ करायचा, रोज, झोपेत विचारलं तरी आला पाहिजे असा.

शब्द शोधावा लागलाच नाही. होणाऱ्या नवऱ्याचा लाडका शब्द टाइम, तोच घेतला. यमकाने मात्र सगळ्या बसला घाम फोडला. ‘लाइन’, ‘फाइन’, ‘साइन’ असे शब्द येत होते, पण ‘म’च्या जागी ‘न’ मी कसा चालवून घेणार? ‘क्राइम’ तंतोतंत जुळतो, पण लग्नात कोण म्हणेल? ‘लाइम’वर एकीने सरबताचा उखाणा केला, तो पाणचट होता. मैत्रीण हळूच म्हणाली, ‘कायम’ चालेल का? मी तिथल्या तिथे उडवून लावलं. टाइम आणि कायम, जवळ जातात पण बसत नाहीत. शेवटी रस्त्याकडेच्या नव्या सोसायटीच्या फलकाने आम्हाला तारलं. ‘प्राइम लोकेशन’ असं त्यावर हे एवढं मोठं लिहिलं होतं. मी चौक ओलांडायच्या आत उखाणा केला:

“टू बीएचके नको मला, नको लोकेशन प्राइम,
अमुकरावांच्या बसला असतो माझ्यासाठी टाइम.”

अमुकच्या जागी त्याचं नाव, ते मी इथे लिहीत नाही. बसमध्ये मात्र आम्ही ते खुशाल घ्यायचो, त्याच्या पाठीमागेच बसून. मैत्रीण पहिली ओळ म्हणायची, दुसरी तिच्याबरोबर आम्ही सगळ्या. जाताना, येताना, चौकात अडकलो तर आणखी एकदा. नाव आलं की पुढे उगाचच हॉर्न वाजायचा. समोर रस्ता मोकळा असला तरी. लग्नाच्या आठवड्यात तर स्वयंपाक करतानाही तो उखाणा माझ्या तोंडात यायला लागला, आणि माझ्या नवऱ्याने विचारलं की हे अमुकराव कोण.

लग्न सुट्टीच्या दिवशी लागलं, साधंच. संध्याकाळच्या आत आम्ही बसमधल्या सगळ्या निघोज्याला त्याच्या घराशी हजर होतो. दारात तांदळाने भरलेलं माप ठेवलेलं. आत चुलती आडवा हात लावून उभी, तिच्यामागे त्याची आई. मैत्रीण हिरव्या शालूत छान दिसत होती, पण ओठांतल्या ओठांत उखाणा घोकत होती. चुलतीने नाव घ्यायला सांगितलं. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि तिने सुरू केलं. टू बीएचके नको मला, नको लोकेशन प्राइम.

आणि तिने श्वास घेतला तेवढ्यात आम्ही सगळ्या जणी, सवयीने, एका सुरात, नावासकट पुढची ओळ म्हणून मोकळ्या झालो. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

चुलतीने आमच्या अख्ख्या तांड्यावरून नजर फिरवली.

“आगं, ह्या समद्याच नांदायला आल्यात का काय?”

असा हशा उठला की नवरदेवाने रुमालात तोंड लपवलं. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. चुलती काही हात काढेना. हा उखाणा गावाचा झाला, म्हणाली, सुनेनं आपला घ्यावा. मैत्रिणीजवळ दुसरा उखाणा नव्हता. इतके दिवस रचलेली भिंत आम्हीच लाथ मारून पाडली होती, आणि आता तिच्या तोंडून कुठलं नाव येईल ते देवालाच ठाऊक. मी मनातल्या मनात यमकं शोधायला लागले, तर मेंदू कोरा. एकही शब्द येईना.

मैत्रिणीने डोळे मिटले. मग सावकाश म्हणाली,

“आधीच्या उंबऱ्यावर मला थोडाच मिळाला टाइम,
अमुकरावांचं नाव घेते, देवा, हे राहू दे कायम.”

यावेळी कुणी हसलं नाही. आधीच्या उंबऱ्याचा विषय नव्या उंबऱ्यावर काढायचा नसतो, हे लहान पोरालाही कळतं. मला रडू आलं, आणि ते लपवायचीही मला गरज वाटली नाही. चुलतीच्या कपाळाला आठी पडली. बोलली एवढंच की हे काय नीट जुळलं न्हाई.

तेव्हा त्याची आई पुढे आली. तिने चुलतीचा हात हळूच दारावरून काढला.

“जुळलं की. टायम आन् कायम. आमच्यात असंच म्हन्त्यात. ये बाई, माप वलांड.”

तिच्या तोंडी तो शब्द असा चपखल बसला की मास्तरणीला बोलायला जागाच उरली नाही. मैत्रिणीने उजव्या पायाने माप लोटलं, तांदूळ पार आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मागे कुणीतरी तोंडाने बसचा हॉर्न वाजवला. चुलतीही शेवटी हसली, थोडीशी.

पंगत बसली तेव्हा मैत्रिणीने मला आपल्या शेजारी ओढून घेतलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं. वाढणाऱ्या बायका पुढे सरकल्यावर माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं,

“ताई, नाव कुठलं आलं गं? मला काही ऐकूच आलं नाही.”

“ह्याचंच आलं,” मी नवरदेवाकडे बघत म्हटलं.

तिने माझं मनगट सोडलं आणि वरणभात कालवायला घेतला.