केमोच्या आधीच केलेलं टक्कल

मी पार्लर चालवते. इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि कात्रीपेक्षा जास्त चालणारं माझं तोंड. स्वभाव उतावळा. समोरची बाई "थोडेसेच कापा हं" म्हणेपर्यंत अर्धे केस जमिनीवर आलेले असतात. तरी बायका परत येतात, हा त्यांचा मोठेपणा.

मागच्या वर्षी माझं ओटीपोट दुखू लागलं. बारीक ताप, त्यात वजन उतरलेलं. मी खूश! गिऱ्हाइकांना डाएटचे सल्ले देत सुटले. शेवटी नवऱ्याने दटावून सोनोग्राफीला नेलं, तर डाव्या अंडाशयावर चांगली मोठी गाठ. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो. काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." यातलं पहिलं तेवढं घेऊन मी घरी आले.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. मला मरणाची भीती वाटत होती, उगाच कशाला लपवू? लेक अजून शाळेत जाते. पण भीतीचं काय करतात ते मला येत नाही. केसांचं काय करतात ते येतं. औषधांनी झडणारच आहेत, तर उशीवरचे पुंजके वेचत बसण्यापेक्षा आपणच उरकून टाकू म्हटलं. भर दुपारी शटर ओढलं, आरशासमोर बसले आणि कंबरेपर्यंतच्या केसांवर झिरो मशीन फिरवली. काम मात्र झकास झालं.

मला बघून सासूबाई म्हणाल्या, "दुखणं पोटाचं आणि ही डोकं भादरून आली! अगं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

ऑपरेशन झालं. अंडाशय गेलं. तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी हातभर लांबीचं नाव घेतलं, मग सोपं करून सांगितलं. कुठलासा जुना जंतुसंसर्ग आत मुरला होता, त्यातून पू आणि चरबीने भरलेल्या पिवळट पेशी साठून गाठ झाली होती. आजार दुर्मीळ, दिसायला थेट कॅन्सरसारखा, पण कॅन्सर नव्हे. "केमो वगैरे काही नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्याकडे बघितलं. "हे कोणी करायला सांगितलं होतं?" मी हमसून हमसून रडत होते, त्यामुळे उत्तर द्यायचं टळलं.

टाके सुकल्यावर दुकान उघडलं. पार्लरवालीच टकली म्हटल्यावर धंदा बसणार असं वाटलं होतं, पण येईल तिला मी माझी फजिती रंगवून सांगायचे, ती पोट धरून हसायची आणि जाताना मैत्रिणीलाही पाठवायची.

एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आल्या. डोक्याला घट्ट रुमाल. माझ्या डोक्यावरची खुरटी लव बघून त्यांनी विचारलं, "तुमचे किती दिवसांनी यायला लागले हो?"

फजिती ओठांवर आली होती, तिथेच थिजली.

"मला कॅन्सर नव्हता, बाई," मी म्हणाले. "मी आपली आधीच घाई केली."

त्यांनी खुर्चीत बसून रुमाल सोडला. केस जागोजागी विरळ झाले होते.

"मला आहे," त्या म्हणाल्या. "उरलेले काढून टाका. तुम्हीच काढा. दुसरीकडे गेले होते, तर कापणारीच रडायला लागली."

मी मशीन सुरू केली. त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. त्या गेल्यावर केस झाडायला खाली वाकले, ती तिथेच बसले आणि झाडू हातात धरून रडले.