वऱ्हाड समुद्रावर, मी दिव्यापाशी

मंडळी, दिव्यात तेल घालून आत्ताच लिहायला बसलेय.

उद्या दुपारी माझ्या भाच्याचं, रोहनचं लग्न. मुलगी कोकणातली, म्हणून वऱ्हाड कालच तिकडे गेलं. इथे नाशिकच्या घरी देवक बसवलंय. त्याच्यापुढचा दिवा सांभाळायला मी एकटी मागे राहिले.

पाहुण्यांनी तिथे काय काय बघायचं, ती यादी मीच करून दिली. पहिलंच होतं, होडीतून डॉल्फिन.

तीन वाजता ग्रुपवर होडीतला फोटो आला. मी डोकी मोजली. बारापैकी अकरा. रोहन नाही! त्यानंतर एकाचाही फोन लागेना. हळद लागलेला मुलगा, गेला कुठे? वात सारायला गेले तर हातून तेलच सांडलं.

पाचला अनोळखी नंबरवरून रोहनच बोलला. "आत्या, हळदीच्या अंगाने पाण्यावर जायचं नाही म्हणाली आई. किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला राखत बसलोय. माझा फोन आईच्या पर्समध्ये राहिला, हा नारळवाल्याचा आहे."

"आणि बाकीचे?"

"अजून दिसत नाहीत गं."

सहाला होडी किनाऱ्याला लागली. सगळे सुखरूप.

पण यादीत उद्या सकाळी किल्ला आहे, तोही होडीनेच. मीच लिहिलाय. ती ओळ आत्ताच खोडायला सांगू का?